टोपी की शिरस्त्राण?

अमेरिकेच्या संसद भवनाचा, म्हणजे कॅपिटॉलचा फोटो तुम्ही शंभरदा पाहिला असेल. पांढराशुभ्र घुमट, समोर हिरवळ. अमेरिकेची बातमी असली की मागे हाच फोटो. पुढच्या वेळी तो बोटांनी मोठा करा आणि घुमटाच्या अगदी टोकाशी काय आहे ते बघा. तिथे एक बाई उभी आहे. साडेएकोणीस फूट उंच, ब्राँझची. उजवा हात म्यान केलेल्या तलवारीच्या मुठीवर, डाव्या हातात ढाल आणि विजयाची माळ. तिचं नाव 'स्टॅच्यू ऑफ फ्रीडम'. न्यूयॉर्कच्या खाडीत मशाल घेऊन उभी असलेली तिची प्रसिद्ध बहीण तिच्यापेक्षा २३ वर्षांनी धाकटी आहे.

हिच्या डोक्यावर नेमकं काय आहे ते खालून धड कळत नाही. कुणाला तो पिसांचा मुकुट वाटतो, कुणाला कोंबड्याचा तुरा. प्रत्यक्षात ते शिरस्त्राण आहे. भोवती तारे, वर गरुडाचं डोकं आणि पिसं. ते तिथे असायचं नव्हतं. शिल्पकाराने तिच्या डोक्यावर एक साधी मऊ टोपी घातली होती. ती एका मंत्र्याने काढायला लावली.

अमेरिकेतला 'लिबर्टी' हा शब्द समजून घ्यायचा असेल तर लोक जाहीरनामे आणि भाषणं वाचतात. मी मात्र त्या टोपीपासून सुरुवात करीन. भव्य भाषणांपेक्षा सरकारी पत्रव्यवहारात माणसं जास्त खरं बोलतात, असा माझा अनुभव आहे. भाषणात शब्द सजवलेले असतात. पत्रात काम अडलेलं असतं, त्यामुळे मनातलं बाहेर येतं.

तर टोपी. प्राचीन रोममध्ये मालकाने गुलामाला मुक्त केलं की त्याचं डोकं भादरून त्यावर लोकरीची एक गोल टोपी चढवत. तिचं नाव पिलेअस. रस्त्यात ती टोपी दिसली की कळायचं, हा माणूस सुटला. रोमन लोकांची लिबर्टास नावाची देवता होती, तिच्या हातात हीच टोपी असे. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरचा खून झाला. त्यानंतर ब्रूटसने नाणं पाडलं, त्यावर दोन खंजीर आणि मधोमध ही टोपी. म्हणजे काय, तर आम्ही रोमला गुलामीतून सोडवलं. पुढे अठराव्या शतकात चित्रकारांनी या टोपीची आणि आशिया मायनरमधल्या फ्रिजियन लोकांच्या शेंडा पुढे झुकलेल्या टोपीची सरमिसळ केली. फ्रेंच क्रांतीतली लाल टोपी ती हीच. पण मूळ अर्थ पक्का होता. ही टोपी स्वतंत्र माणसाची नाही, सुटलेल्या माणसाची आहे. जो आधी बांधलेला होता त्याची.

अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींना ही टोपी फार आवडली. १७६५ मध्ये लंडनच्या संसदेने वसाहतींवर स्टँप कर लादला. तो रद्द झाल्याच्या आनंदात न्यूयॉर्कमध्ये 'लिबर्टी पोल' म्हणून उंच खांब रोवला गेला. ब्रिटिश शिपाई तो तोडायचे, लोक पुन्हा उभारायचे. ठिकठिकाणी अशा खांबांच्या टोकाला टोपी अडकवलेली असे. स्वातंत्र्यानंतर १७९३ मध्ये तांब्याची नाणी पाडली, त्यावर लिबर्टीच्या खांद्याशी काठी आणि काठीवर टोपी. युद्धखात्याचा शिक्का बनवला, त्यातही उपसलेल्या शस्त्राच्या टोकावर टोपी. शिक्क्यातली ही टोपी लक्षात ठेवा.

या काळातली पत्रकं वाचताना एक शब्द सारखा खटकतो: गुलामी. आपल्याला न विचारता आपल्यावर कर बसवला, म्हणजे आपण गुलाम झालो, असं हे लोक पुन्हा पुन्हा लिहितात. बोस्टनचे व्यापारी लिहितात, व्हर्जिनियाचे जमीनदार लिहितात. आता व्हर्जिनियाच्या जमीनदाराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं तर तंबाखूच्या शेतात गुलाम दिसत. गुलामी म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. म्हणूनच त्याच्या लेखी 'लिबर्टी' या शब्दाला एवढी धार होती. जी अवस्था आपण रोज दुसऱ्यावर लादतो ती आपल्या वाट्याला येऊ नये, ही त्यातली भीती खरी होती. लंडनमध्ये बसलेल्या सॅम्युअल जॉन्सनला, म्हणजे इंग्रजी शब्दकोशवाल्या जॉन्सनला, यातली विसंगती बरोबर दिसली. १७७५ मध्ये त्याने खवचटपणे विचारलं की, लिबर्टीसाठी सगळ्यात मोठ्याने ओरडणारे नेमके काळ्यांना राबवणारेच कसे काय? जॉन्सन सरकारच्या बाजूने लिहीत होता हे खरं. पण प्रश्न चुकीचा नव्हता.

त्याच वर्षी मार्चमध्ये रिचमंडच्या एका चर्चमध्ये पॅट्रिक हेन्रीने ते जगप्रसिद्ध भाषण केलं, लिबर्टी द्या नाहीतर मरण द्या असं सांगणारं. आज आपण वाचतो तो मजकूर त्याच्या चरित्रकाराने ऐकीव आठवणी जुळवून १८१७ मध्ये छापलेला आहे, त्यामुळे त्यातला शब्द न शब्द हेन्रीचा असेलच असं नाही. पण हेन्रीने स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पत्र शिल्लक आहे, १७७३ चं, एका क्वेकर मित्राला पाठवलेलं. त्यात तो कबूल करतो की, मी स्वतः विकत घेतलेल्या गुलामांचा मालक आहे. याचं समर्थन मी करणार नाही, करूही शकत नाही. पण त्यांच्याशिवाय राहणं गैरसोयीचं आहे. मला तर भाषणापेक्षा हे पत्रच जास्त हलवून जातं. गैरसोय!

पुढची गोष्ट सिनेमात दाखवली तर अतिरंजित म्हणून लोक हसतील. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने फर्मान काढलं. बंडखोरांचे जे गुलाम पळून येऊन राजाच्या बाजूने लढतील त्यांना मुक्त केलं जाईल. डनमोर काही संत नव्हता. तो स्वतः गुलामांचा मालक होता, आणि राजनिष्ठ मालकांच्या गुलामांना हे फर्मान लागू नव्हतं. तरी शेकडो माणसं रात्री-अपरात्री नद्या ओलांडून त्याच्याकडे पोचली. त्यांची 'इथिओपियन रेजिमेंट' उभी राहिली. त्या वेळच्या वर्तमानपत्रातल्या बातमीनुसार त्यांच्या छातीवर शब्द होते: 'लिबर्टी टू स्लेव्हज', गुलामांना स्वातंत्र्य. ९ डिसेंबरला ग्रेट ब्रिज या ठिकाणी डनमोरची फौज आणि बंडखोर समोरासमोर आले. बंडखोरांमध्ये कल्पेपर परगण्यातले स्वयंसेवक होते. त्यांच्या सदऱ्यांवर हेन्रीचं वाक्य लिहिलेलं असे: 'लिबर्टी ऑर डेथ'.

लढाई अर्ध्या तासात आटोपली. बंडखोर जिंकले, त्यांचा एक माणूस जखमी झाला. त्यांच्या बाजूने पुलावर पहारा देणाऱ्यांत बिली फ्लोरा नावाचा एक स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूसही होता, म्हणजे चित्र सरळ काळंपांढरं नव्हतंच. डनमोरच्या त्या रेजिमेंटमधली बहुतेक माणसं पुढच्या वर्षी देवीच्या साथीत गेली. पण एका पुलाच्या दोन टोकांना एकच शब्द छातीवर घेऊन उभे असलेले दोन जमाव, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. एका बाजूला लिबर्टी म्हणजे आपल्याकडे आहे ते कुणी हिरावून घेऊ नये. दुसऱ्या बाजूला लिबर्टी म्हणजे जे कधी मिळालंच नाही ते मिळावं. पहिल्या बाजूला जे टिकवायचं होतं, त्यात दुसऱ्या बाजूची माणसंच मालमत्ता म्हणून मोजलेली होती.

पंचवीस वर्षांनी, १८०० मध्ये, त्याच रिचमंडजवळ गेब्रिएल नावाच्या गुलाम लोहाराने उठावाचा कट रचला. कट फुटला, गेब्रिएलसह सव्वीस जणांना फाशी झाली. खटल्यातल्या साक्षीत आलं की, त्याला रेशमी निशाण करायचं होतं आणि त्यावर शब्द लिहायचे होते 'डेथ ऑर लिबर्टी'. हेन्रीचेच शब्द, फक्त उलटे. फाशीच्या हुकमांवर अंमल करणारा गव्हर्नर होता जेम्स मन्रो, हेन्रीच्याच क्रांतीत लढलेला सैनिक आणि पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष.

इथे भाषेबद्दल थोडं बोलू. मराठीत आपण 'लिबर्टी' आणि 'फ्रीडम' दोन्हींना स्वातंत्र्यच म्हणतो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. लिबर्टी लॅटिनमधून आला. रोममध्ये तो कायद्याचा दर्जा होता: हा गुलाम नाही. फ्रीडम जर्मानिक भाषांमधला. त्याच्या मुळाशी आपलं, जवळचं असा अर्थ आहे. 'फ्रेंड' हा शब्द त्याचा सख्खा भाऊ, आणि आपला संस्कृतमधून आलेला 'प्रिय' हा लांबचा चुलतभाऊ. म्हणजे एक शब्द सांगतो की तुला कुणी बांधलेलं नाही. दुसरा सांगतो की तू आमच्यातला आहेस. बोलताना अमेरिकन माणूस दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो, त्याला फरक जाणवतही नसेल. पण मराठीत 'स्वतंत्र' माणूस आणि 'सुटलेला' माणूस यांत जे अंतर आहे, ते अमेरिकेच्या अख्ख्या इतिहासात पडलेलं आहे. आपल्याकडे 'सुटला बिचारा' म्हणताना आधीचं बंधन आठवतं. 'स्वतंत्र बाण्याचा' म्हणताना तसं काही आठवत नाही.

आता पुन्हा घुमटाकडे. १८५५ मध्ये कॅपिटॉलचा नवा घुमट बांधायचं ठरलं आणि वरच्या पुतळ्याचं काम रोममध्ये राहणाऱ्या थॉमस क्रॉफर्ड या अमेरिकन शिल्पकाराला मिळालं. त्याने लिबर्टीच्या डोक्यावर परंपरेप्रमाणे टोपी घातली. बांधकाम युद्धखात्याच्या अखत्यारीत होतं आणि युद्धमंत्री होते मिसिसिपीचे जेफरसन डेव्हिस, कापसाच्या मोठ्या मळ्याचे आणि गुलामांचे मालक. जानेवारी १८५६ मध्ये त्यांनी बांधकामप्रमुख माँटगोमेरी मेग्ज यांना पत्र लिहिलं. आशय असा: ही टोपी मुक्त झालेल्या गुलामांची खूण आहे, आणि जे लोक जन्मतःच स्वतंत्र आहेत, जे कधी गुलाम होणार नाहीत, त्यांना ती शोभत नाही. त्याऐवजी शिरस्त्राण घाला.

डेव्हिस यांचा इतिहास पक्का होता, हे मान्य करावंच लागेल. टोपीचा अर्थ त्यांना शिल्पकारापेक्षाही नीट माहीत होता. त्यांच्या स्वतःच्या खात्याच्या शिक्क्यावरही तीच टोपी होती, पण तळहाताएवढ्या शिक्क्याकडे कोण निरखून बघतं? देशाच्या शेंड्यावर ती बसवणं म्हणजे या देशात कुणीतरी सुटायचं बाकी आहे असं जाहीर करणं. 'जन्मतः स्वतंत्र' असं त्यांनी लिहिलं तेव्हा शेवटच्या जनगणनेनुसार देशात सुमारे ३२ लाख गुलाम होते. एका विशेषणाने ते सगळे अमेरिकन लोकांच्या यादीतून बाहेर काढले गेले. आणि क्रॉफर्डने वाद न घालता टोपी काढली.

क्रॉफर्ड १८५७ मध्ये वारला. त्याचा प्लास्टरचा नमुना सहा पेट्यांत भरून गळक्या जहाजाने जिब्राल्टर, बर्म्युडा अशी वळणं घेत १८५९ च्या मार्चमध्ये एकदाचा वॉशिंग्टनला पोचला. ब्राँझ ओतण्याचं कंत्राट क्लार्क मिल्स याच्या फाउंड्रीला मिळालं. इथे एक अडचण आली. तुकडे जोडून नमुना उभा करणाऱ्या इटालियन कारागिराने सांधे आतून असे बुजवले होते की कुठे सोडवायचं ते दिसेना. जास्त पैसे दिल्याशिवाय सांगणार नाही, म्हणाला. वाट काढली ती मिल्सच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या फिलिप रीडने. डोक्यावरच्या लोखंडी कडीला दोर बांधला आणि कप्पीने हळूहळू ताण दिला. पुतळा वर ओढला जाऊ लागला तशी सांध्यांच्या जागी केसाएवढी फट दिसू लागली.

फिलिप रीड मिल्सचा गुलाम होता.

सरकारी हिशेबात त्याच्या कामाची नोंद आहे. जुलै १८६० ते मे १८६१ या काळात साच्यांखालची भट्टी पेटती ठेवायची. दर दिवशी सव्वा डॉलर. बाकीच्या मजुरांना एक डॉलर मिळे. रीडला मात्र पैसे हातात मिळत ते फक्त रविवारचे. बाकी सहा दिवसांची त्याची मेहनत मालकाची. तेहतीस रविवार, एक्केचाळीस डॉलर पंचवीस सेंट. पावतीवर सही म्हणून फुली. मी हा आकडा पुन्हा गुणून पाहिला. बरोबर येतो.

फाउंड्रीत पुतळा ओतला जात असतानाच देश फुटला. दक्षिणेची राज्यं वेगळी झाली आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष निवडला तो जेफरसन डेव्हिस. त्यांच्याही भाषणांत लिबर्टी होतीच. १६ एप्रिल १८६२ रोजी काँग्रेसने राजधानीपुरती गुलामी रद्द केली आणि मालकांना भरपाई जाहीर केली. मिल्सने अर्ज केला. त्यात रीडचं वर्णन आहे: वय ४२, बुटका, दिसायला फारसा नाही, पण डोक्याने हुशार, फाउंड्रीतला चांगला कामगार. लहान असताना चार्ल्सटनमध्ये १,२०० डॉलरला घेतला होता, आता किंमत १,५०० डॉलर. सरकारने मिल्सला ३५० डॉलर ४० सेंट दिले. रीडला काहीही नाही. त्याच कायद्यात एक सोय होती: मुक्त झालेला माणूस देश सोडून हैती किंवा लायबेरियाला जायला तयार असेल तर शंभर डॉलरपर्यंत मदत. लायबेरिया! त्या देशाचं नावच लिबर्टीवरून पडलेलं आहे. तिकीट काढून देऊ, तुमचं स्वातंत्र्य तिकडे भोगा.

२ डिसेंबर १८६३ ला दुपारी पुतळ्याचा शेवटचा भाग, म्हणजे डोकं आणि शिरस्त्राण, घुमटावर चढलं. पस्तीस तोफा झाल्या. रीड त्या दिवशी स्वतंत्र होता. दोन वर्षांनी एकाने लिहून ठेवलं आहे की, तो आता स्वतःचा धंदा करतो आणि त्याला ओळखणारे त्याला मान देतात. त्याने ज्या प्लास्टरचे सांधे शोधले ते प्लास्टर आज कॅपिटॉलच्या तळघरातल्या भव्य दालनात उभं आहे. दालनाचं नाव 'इमॅन्सिपेशन हॉल', मुक्तीचं दालन. डोक्यावर अर्थात शिरस्त्राणच.

त्याच युद्धात, एप्रिल १८६४ मध्ये, लिंकन बाल्टिमोरला बोलला. लिंकनची मोठी भाषणं शाळेत पाठ करवतात, हे छोटं भाषण मागे पडतं. तो म्हणाला की, आम्ही सगळेच लिबर्टीचा उच्चार करतो, पण आमच्या मनात एकच गोष्ट नसते. कुणासाठी तिचा अर्थ आपल्या कष्टाचं फळ आपल्याकडे राहावं असा, तर कुणासाठी दुसऱ्या माणसाचं आणि त्याच्या कष्टांच्या फळाचं आपण हवं ते करावं असा. मग त्याने गोष्ट सांगितली. मेंढपाळ लांडग्याला मेंढीच्या गळ्यापासून हाकलतो. मेंढी त्याला मुक्तिदाता म्हणते. लांडगा त्याला लिबर्टीचा मारेकरी म्हणतो, त्यातून मेंढी काळी असेल तर विचारूच नका. जगात सगळ्याच लांडग्यांना आपण लांडगे आहोत हे माहीत असतं, असं मात्र मला वाटत नाही. पॅट्रिक हेन्रीला माहीत होतं. डेव्हिस यांना बहुधा कधीच पटलं नाही.

दक्षिण हरली. आणि तिथून सात समुद्रांपलीकडे, पुण्यात, एका माणसाने या शब्दाचा कुठला अर्थ घ्यायचा ते ठरवून टाकलं. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे केलेल्या कामाबद्दल, आणि आपले देशबांधव शूद्रांना सोडवताना हा कित्ता गिरवतील या आशेने. अमेरिकेचं स्वातंत्र्य म्हटलं की १७७६ आणि इंग्रजांविरुद्धचं बंड डोळ्यांसमोर येणाऱ्या देशात फुल्यांनी नेमका दुसरा धागा उचलला. राज्य कुणाचं आणि कर कोण बसवतो, यापेक्षा माणूस सुटला का, हा प्रश्न त्यांना मोठा वाटला. डेव्हिस यांनी काढलेली टोपी फुल्यांनी अर्पणपत्रिकेत ठेवली, असं मला म्हणावंसं वाटतं.

पण अमेरिकेत तेव्हा काय चाललं होतं? त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कोर्टाची इमारत पेटवली आणि शरण आलेल्यांसकट डझनावारी कृष्णवर्णीयांना मारलं. कारण निवडणुकीनंतर परगण्याचा कारभार कुणाच्या हातात हा वाद. थोड्या आरोपींना शिक्षा झाली, ती १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली: नवी दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी माणसांना नाही. म्हणजे सुटलेल्याला पुन्हा बांधणारा सरकारी माणूस नसेल, तर त्यात लिबर्टीचा भंग नाही.

ती दुरुस्ती म्हणजे चौदावी, १८६८ ची, नुकत्याच सुटलेल्या लोकांसाठी लिहिलेली. रीतसर कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुणाचंही जीवित, लिबर्टी किंवा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असं तीत आहे. या ओळीचं पुढे काय झालं ते भारतात बसून वाचण्यासारखं आहे. न्यूयॉर्क राज्याने बेकरी कामगारांसाठी दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली होती. १९०५ मध्ये लॉकनर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती पाच विरुद्ध चार मतांनी मोडीत काढली. का? तर साठपेक्षा जास्त तास राबण्याचा करार करणं ही कामगाराची आणि मालकाची लिबर्टी आहे. भट्टीसमोर रात्रभर पीठ मळणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. खटला लढवणारा बेकरीचा मालक होता. गुलामांच्या मुक्तीसाठी घडवलेलं हत्यार तीन-साडेतीन दशकांत मालकांच्या हाती गेलं आणि १९३७ पर्यंत तिथेच राहिलं.

आपल्या संविधानाच्या मसुद्यातही आधी रीतसर कायदेशीर प्रक्रियेचे हेच अमेरिकन शब्द होते. १९४७ च्या अखेरीस घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला गेले, तिथे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. न्यायाधीश या शब्दांच्या जोरावर लोकनियुक्त सरकारचे कायदे कसे पाडतात, हे त्यांना तिथे ऐकायला मिळालं. मसुदा समितीने शब्द बदलले: 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती'. लिबर्टीचा अर्थ फार फुगू नये म्हणून तिच्याआधी 'व्यक्तिगत' हे विशेषणही जोडलं. हाच आपला अनुच्छेद २१. बेकरीवाल्यांचा धडा आपण शिकलो, पण त्याची दुसरी बाजू अशी की, सरकारने नुसता कायदा केला की माणसाला आत टाकायला वाट मोकळी. डॉ. आंबेडकरांना हा पेच दिसत होता. डिसेंबर १९४८ मध्ये सभागृहात त्यांनी सांगितलं की, दोन्हीकडे धोका आहे. आणि निवड सभागृहावर सोडली. आणीबाणीत १९७६ मध्ये त्या शब्दांची किंमत कळली. मनेका गांधी खटल्यात, १९७८ मध्ये, आपल्या सुप्रीम कोर्टाने कार्यपद्धती न्याय्य असायला हवी असं म्हणून ते टाकलेले अमेरिकन शब्द मागच्या दाराने आत घेतले. आज खासगीपणाचा हक्क म्हणून तुम्ही फोनवर जो काही दावा सांगता तो याच दारातून आलेला आहे.

अमेरिकेत ही ओढाताण थांबलेली नाही. १९ जून १९६४ ला सिनेटने नागरी हक्क कायदा मंजूर केला. विरोधात मत देणाऱ्यांत बॅरी गोल्डवॉटर होते. हॉटेलवाल्याने कुणाला आत घ्यावं हे सरकारने सांगू नये, अशी त्यांची भूमिका. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना त्यांनी ठणकावलं की, लिबर्टीच्या रक्षणासाठी टोकाला जाणं हा दोष नव्हे. त्याच उन्हाळ्यात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी करायला गेलेल्या तरुणांनी आपल्या मोहिमेला 'फ्रीडम समर' आणि शाळांना 'फ्रीडम स्कूल' नाव दिलं होतं. तीन कार्यकर्त्यांचे खून झाले. दोन्हीकडचे लोक स्वातंत्र्याचंच नाव घेत होते, फक्त शब्द वेगळे.

२०२१ पासून अमेरिकेत कायद्याने दोन स्वातंत्र्यदिन आहेत. ४ जुलै आपल्याला माहीत आहे. दुसरा १९ जून, 'जूनटीन्थ'. पहिला डेव्हिस यांच्या व्याख्येतल्या लोकांचा, दुसरा टोपीवाल्यांचा, असं मी मनात म्हणते. १९ जून १८६५ रोजी जनरल ग्रेंजरने टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टन बंदरात हुकूम क्रमांक ३ जाहीर केला. लिंकनच्या घोषणेला अडीच वर्षं होऊन गेली होती. हुकूम लहान आहे. सगळे गुलाम मुक्त आहेत, मालक आणि गुलाम यांचं नातं आता मालक आणि मजूर असं असेल, इथपर्यंत सगळे उद्धृत करतात. त्यापुढे लिहिलंय की, मुक्त झालेल्यांनी आहेत तिथेच शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं. लष्करी ठाण्यांवर गोळा होऊ नये. आळशीपणे बसणाऱ्यांना पोसलं जाणार नाही.

ते शांतपणे राहिले नाहीत. पायी निघाले. विकल्या गेलेल्या आया, भावंडं, मुलं शोधायला. सापडली नाहीत तेव्हा वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. न्यू ऑर्लिन्सच्या एका चर्चच्या साप्ताहिकात त्यासाठी 'लॉस्ट फ्रेंड्स' असं सदरच होतं. एका जाहिरातीला पन्नास सेंट. आईचं नाव, तिचा तेव्हाचा मालक, कुठल्या गावात विकली, तेव्हा मी किती वर्षांचा होतो. पाद्र्यांना विनंती असे की, चर्चमध्ये ही यादी मोठ्याने वाचून दाखवा. हे सदर १८७७ मध्ये सुरू झालं आणि विसावं शतक उजाडलं तरी चालूच होतं.